हवशे, नवशे, गवशे आणि थीम पार्कातला एकटा माणूस

(अंबरनाथ एमआयडीसीत एका शुक्रवारी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



शुक्रवारी दुपारी व्याख्यान म्हटलं की बाहेरगावचा माणूस चक्रावतो. इथल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. विजेचा सगळा भार एकदम पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या वाट्याला शुक्रवार आला. त्याचा घरात काय परिणाम होतो, ते तुम्हाला माहीत आहे. मुलांच्या शाळेला रविवार. बायको बँकेत किंवा ऑफिसात असेल तर तिलाही रविवार. शुक्रवारी घरात आपण एकटेच सुट्टीवर. मग गॅसचा नंबर लावा, लाइट बिल भरा, दळण आणा, झोप काढा.

आजचा विषय याच शुक्रवारातून निघतो. थीम पार्कात एकट्याने जाणारा मोठा माणूस. बरोबर मूल नाही, जोडीदार नाही, मित्रांचा घोळका नाही. तिकीट एक, आणि आकाशपाळण्याच्या डब्यात शेजारची जागा रिकामी.

ऐकूनच काही जण हसले. का हसलात, त्याचाच शोध घेऊ या. हाच माणूस एकटा माहुलीच्या गडावर गेला तर कोणी हसत नाही. शिर्डीला एकटा गेला तर उलट पाया पडतील. तो एकटा नाटकाला जातो, ग्रंथालयात बसतो, तेही चालतं. पण तो एकटाच रोलर कोस्टरच्या रांगेत उभा राहिला, तर आपल्याला एक तर त्याची कीव येते, नाही तर त्याचा संशय येतो.

मी याकडे समीक्षक म्हणून बघणार आहे. नाटक कोसळतं कुठे, कादंबरी फसते कुठे, याची आपण चर्चा करतो. थीम पार्क हीसुद्धा कोणीतरी लिहिलेली, दिग्दर्शित केलेली गोष्ट आहे. दारापासून बाहेर पडेपर्यंत तुम्ही कुठे वळायचं, कुठे दचकायचं, कुठे पाकीट उघडायचं, सगळं योजलेलं असतं. पण त्याची समीक्षा होत नाही. वर्तमानपत्रात छापून येतो तो तिकिटाचा दर आणि जायचं कसं.

जत्रेचा हिशेब

जत्रेला कोण येतं, याचं आपल्या भाषेत एक पक्कं वर्गीकरण आहे. हवशे, नवशे आणि गवशे. नवशे म्हणजे नवस फेडायला आलेले. गवशे म्हणजे काही गवसतं का बघायला आलेले. कोणी धंदा शोधतो, कोणी दुसऱ्याचा खिसा. आणि हवशे म्हणजे नुसत्या हौसेने आलेले. त्यांना देवाकडे मागायचं काही नाही, विकायचं काही नाही. पाळण्यात बसायचं, शेवरेवडी खायची, गर्दी बघायची.

आपलं शिवमंदिर घ्या. वालधुनीच्या काठावरचं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. देवळाकडच्या रांगेत नवशे असतात. आणि थोडं बाजूला आकाशपाळणे, मौत का कुआँ, फुगे फोडायची बंदूक. तिथे पाळण्यात बसलेले लोक नीट बघितलेत कधी? निम्मे तरी मोठे असतात. कुठल्यातरी कंपनीतला हेल्पर, खोलीवर चौघांत राहणारा, गावाकडे घर असलेला. तो एकटा येतो, पाळण्यात बसतो, वरून गाव बघतो आणि उतरतो. पाळणेवाला त्याला ‘बाकीचे कुठे आहेत?’ असं विचारत नाही. पैसे घेतो आणि दांडा लावतो.

वर्गीकरणात हवशाला पहिलं स्थान आहे, हे ध्यानात घ्या. हौस हे येण्याचं पुरेसं कारण आहे, असं आपल्या भाषेने मान्य केलंय. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: थीम पार्काने जत्रेतला पाळणा घेतला, दुकानं घेतली, मौत का कुआँतली भीती घेतली, आणि हवशाला मात्र दारातच अडवून विचारलं, ‘तुमची फॅमिली?’

बाकावरचा बाप

हे मुळातच असं होतं का? नव्हतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ट्राम कंपन्यांनी आपल्या मार्गाच्या टोकाला बागा आणि पाळणे उभे केले. कारण साधं होतं. आठवडाभर कामगार ट्रामने जात होते, सुट्टीला डबे रिकामे धावत होते. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला १८८४ मध्ये पैसे देऊन बसायची घसरती रेल्वे सुरू झाली, १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क, १९०३ मध्ये लुना पार्क. तिथली गर्दी मुख्यतः मोठ्या माणसांची होती. कारखान्यातली तरुण मुलंमुली, नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी मजूर. पार्क हा कष्टकऱ्यांच्या सुट्टीचा धंदा होता.

मग १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि चित्र बदललं. वॉल्ट डिस्नेने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. तो आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचा. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. त्याला वाटलं, आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा असायला हवी.

कल्पना चांगली आहे, पण तिच्या पोटात काय आहे बघा. मोठ्या माणसाला प्रवेश मिळाला तो पालक म्हणून. मूल हे त्याचं ओळखपत्र झालं. डिस्नेने बापाला बाकावरून उठवलं खरं, पण मुलाचं बोट धरायला लावून.

आपल्याकडे हीच कल्पना आली. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, एशियाडच्या हत्तीच्या पिल्लाच्या नावाने. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं. एस्सेलवर्ल्डची टीव्हीवरची जाहिरात इथल्या चाळिशीतल्या प्रत्येकाला पाठ असेल. घरी जायचं नाही म्हणून हट्ट धरणारं पोर त्या गाण्यात होतं. हट्ट करायचा पोराने, पुरवायचा बापाने. त्या जाहिरातीत बापाला स्वतःला जावंसं वाटतं, असं कोणी सुचवलं नाही.

त्या पिढीतली किती तरी पोरं तेव्हा गेलीच नाहीत. गोराईची बोट, तिकीट, खाणं, हे चौघांचं गणित ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या पगारात कदाचित बसलं असेल, विम्कोतल्या कायम कामगाराला जमलं असेल. लहान वर्कशॉपातल्या माणसाला जमणारं नव्हतं. ती पोरं आता चाळिशीत आहेत, कमावती आहेत. त्यांच्यातला एखादा शुक्रवारी एकटा निघतो. त्याला आपण हसायचं का?

खोपोलीचं पुस्तक

आता आपल्या जवळच्या पार्काकडे येतो. इमॅजिका. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी उघडलं, तेव्हा नाव अ‍ॅडलॅब्स इमॅजिका. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पुढे कर्जाचा डोंगर झाला, आणि २०२२ मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. शिर्डीचं साईतीर्थ हे भक्तीवरचं थीम पार्कही याच समूहाचं. म्हणजे बघा, नवशांचं पार्क आणि हवशांचं पार्क, मालक एकच.

अंबरनाथवरून जायला सोपं आहे. खोपोली लोकल पकडायची किंवा कर्जतला बदलायची. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, पळसदरी, खोपोली. तिथून रिक्षा. आपल्या लाइनवरच्या माणसाला हे मुंबईकरापेक्षा जवळ आहे. तरी पार्काची रचना एक्स्प्रेसवेने, गाडीतून येणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे, हे आत पाऊल टाकताच कळतं.

एकटा माणूस आत गेला की काय होतं? तो बघायला लागतो. कुटुंबातला माणूस बघत नाही, त्याला वेळच नसतो. पाण्याची बाटली कोणाकडे, धाकट्याला शू लागली, आई उन्हात थकली, फोटो काढ. एकट्याला यातलं काहीच नाही. म्हणून मी म्हणतो, पार्काचा खरा वाचक तोच. बाकीचे पानं उलटतात.

आणि तो वाचायला लागला की दोन गोष्टी वेगळ्या होतात. एक यंत्र, दुसरी कथा.

यंत्र उत्तम आहे. नायट्रो हा रोलर कोस्टर घ्या. एका ओळीत चार जण. स्टेशनात पायाखालची फळी खाली जाते आणि पाय अधांतरी राहतात. डीप स्पेस अंधारात धावतो, पुढचं वळण दिसत नाही म्हणून शरीर आधीच आखडून घेता येत नाही. या राइड्सना तुमचं वय, नातं, पगार काही कळत नाही. दारावर उंचीची पट्टी असते, वयाची नाही. तिथे मोठा माणूस हाच पूर्ण ग्राहक असतो. गंमत आहे की नाही? पार्क जाहिरात करतं मुलांची आणि सगळ्यात महागडं यंत्र बांधतं मोठ्यांच्या उंचीचं.

कथा मात्र उसनी आहे. पार्काच्या विभागांची नावंच बघा: अमेरिकाना, अरेबिया, युरोपा. गोल्ड रश म्हणजे अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणी. अलीबाबा आणि चाळीस चोर. हे वाईट आहे असं नाही. अलीबाबा आपल्या जत्रेतल्या तंबूतही होता. पण कुठलीही गोष्ट कुठेही उचलून ठेवता येते, आणि खालापूरला ती असण्याचं कारण सापडत नाही. सह्याद्री पार्काच्या पाठीशी उभा आहे आणि विभागांच्या नावांत सह्याद्री नाही.

एका ठिकाणी मात्र त्यांनी बाजी मारली आहे. राजासॉरस. होडीत बसायचं, डायनोसॉर येतो, आणि होडी धाडकन पाण्यात. हा डायनोसॉर मनाने रचलेला नाही. गुजरातेत रहिओली इथे त्याचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं शास्त्रीय नाव मिळालं. नर्मदेवरून पडलेलं नाव. हॉलिवूडचा टी-रेक्स आणणं सोपं होतं. त्याऐवजी आपल्या मातीतला प्राणी घेतला. एकटा माणूस तिथे पाटी वाचत थांबतो, मुलांची आई त्यांना ओढत पुढे नेते. पार्काने हे जास्त केलं असतं तर मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा यायला कारण मिळालं असतं. रोलर कोस्टरने पोट एकदा ढवळतं; डोक्याला काही दिलं तर माणूस परत येतो.

फिटरचा डोळा

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण मेंटेनन्समध्ये आहेत, म्हणून हे सांगतो. रोलर कोस्टरच्या पूर्वजांपैकी एक कोळशाची रेल्वे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ मध्ये डोंगरावरून कोळसा उतरवायला उताराच्या जोरावर धावणारी गाडी बांधली. पुढे कोळसा वाहायचं काम संपलं आणि लोक पैसे देऊन तिच्यात बसायला लागले. मालवाहू यंत्राचं खेळणं झालं.

म्हणून कारखान्यातल्या माणसाला पार्क परकं नसतं. गाडी साखळीने वर चढताना खट-खट-खट आवाज येतो ना? सगळे त्याला घाबरतात. फिटर ऐकतो आणि म्हणतो, रॅचेट आहे. साखळी तुटली तरी गाडी मागे यायची नाही. दांडे लॉक झाल्याचा सिग्नल आल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा इंटरलॉक आहे. आपल्याकडे प्रेस मशीनच्या गार्डला असतो तसा. मार्गाचे टप्पे असतात आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडत नाहीत, लोकलच्या सिग्नलसारखं. मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या अनेक राइड्समध्ये चुंबकाचे ब्रेक असतात. वीज गेली तरी ते काम करतात.

हे माहीत असून पोटात गोळा येतोच. आणि इथे मी सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो.

पार्कात जी भीती मिळते ती हमी दिलेली भीती आहे. आपल्या पट्ट्यातली भीती तशी नाही. २६ मे २०१६. २३ मे २०२४. डोंबिवली एमआयडीसीतले हे दोन रासायनिक स्फोट इथे कोणाला आठवण करून द्यायला नकोत. माणसं गेली, लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कारखान्यातल्या भीतीला रॅचेट नसतो. कधी इंटरलॉक असतो, पण उत्पादन थांबू नये म्हणून कोणीतरी तो बायपास केलेला असतो. तुम्ही मान हलवताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

असा माणूस सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन भीती विकत घ्यायला का जाईल? लोक म्हणतात, ‘रोज धोक्यात असतोस, आणखी कशाला?’ मला उलट वाटतं. ज्याच्या पोटात भीती आठवडाभर दबून राहते, त्याला एक जागा हवी, जिथे भीती वाटली तर ओरडता येतं. प्लँटमध्ये घाबरून ओरडलात तर सुपरवायझर काय म्हणेल? नायट्रोवर ओरडलात तर शेजारचा अनोळखी माणूसही ओरडतो. बरोबर मुलं असती तर तुम्ही ओरडला नसता. बाप घाबरत नाही ना! एकट्याला ती सूट मिळते. एकट्याने जाण्याचा खरा फायदा हा आहे.

फुगडीला दोघी लागतात

रॉजर काय्वा नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांवर एक पुस्तक लिहिलं. त्याने खेळाचे चार प्रकार केले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि गरगर. चौथ्याला त्याने ग्रीक शब्द वापरला, अर्थ भोवरा. जाणूनबुजून भोवळ आणून घेण्याचा आनंद. मराठीत भोवरा आणि भोवळ शेजारीच राहतात, आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आता सांगा, मराठी मोठ्या माणसाने भोवळीचा खेळ कधी सोडला होता? मंगळागौरीला लग्न झालेल्या बायका रात्रभर फुगडी घालतात. वारीत पांढऱ्या मिशांचे वारकरी रिंगणात फुगडी घालतात. कोणी त्यांना पोरकट म्हणत नाही. फुगडी हा यंत्राशिवायचा रोलर कोस्टर आहे. हात सुटला तर आपटणार, हे दोघांना माहीत असतं.

पण फुगडीला दोन माणसं लागतात. एकट्याने फुगडी घालता येत नाही. आक्षेप घेणारे इथेच बोट ठेवतात: आपली परंपरा सामूहिक आहे, एकट्याची मौज हे पाश्चात्त्य खूळ. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. वारीत तुम्ही ज्याच्याशी फुगडी घालता तो बहुधा तुमच्या घरचा नसतो. परभणीचा असतो, तुम्ही बदलापूरचे. वारीला किती तरी जण घरातून एकटे निघतात आणि वाटेत त्यांना जोडीदार मिळतो. परंपरेने सोबतीची अट घातली नव्हती. तिने सोबत मिळण्याची सोय केली होती.

थीम पार्काने नेमकं उलटं केलं. दारावर सोबतीची अट आणि आत सोबतीची सोय नाही. एकट्याला अनोळखी माणसाशेजारी सन्मानाने बसवण्याचा मार्ग बाहेरच्या देशांत काढलाय. तिथल्या मोठ्या पार्कांमध्ये काही राइड्सना एकट्यांची वेगळी रांग असते. चारच्या ओळीत तीन जण बसले की चौथी जागा त्या रांगेतल्या माणसाला. त्याचा वेळ वाचतो, पार्काची रिकामी खुर्ची भरते. जपानमध्ये टोकियो डिस्नेसीलाही अशा रांगा झाल्या. जपानी भाषेत एकट्या गिऱ्हाइकासाठी ‘ओहितोरीसामा’ असा आदरार्थी शब्दच आहे. आपण ‘एकटाच?’ विचारतो. त्या ‘च’मध्ये सगळं आलं.

कोणाचं एकटेपण शोभतं

हल्ली ‘सोलो ट्रॅव्हल’ची मोठी हवा आहे. लडाखला मोटरसायकलवर एकटा गेला की तो स्वतःला शोधायला गेला. ऑफिसात टाळ्या पडतात. पण मोरिवलीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार खोपोलीच्या पार्कात एकटा गेला, तर तो स्वतःला शोधत नाही, तो ‘टाइमपास’ करतो. दोघांत फरक काय? एकाच्या एकटेपणाला किंमत आहे, दुसऱ्याच्या एकटेपणाला पहारेकरी.

तिकिटाचं बोलू. हजाराच्या वरचं तिकीट, गाडीभाडं, आत बाहेरचा डबा चालत नाही म्हणून खाणं. कंत्राटी कामगाराची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज जाते. चौघांचं करायला गेलं तर पंधरवड्याची. म्हणून एकट्याने जाणं ही अनेकदा आवड नसून तेवढीच ऐपत असते. त्यात घरच्यांना सोडून गेल्याचा सल असतो. पार्काने कुटुंबाचं ‘पॅकेज’ स्वस्त करायचं आणि एकट्याला पूर्ण भाव लावायचा, याला मी वाईट व्यवहार म्हणतो. कारखाने बंद असलेल्या वारी, शाळा चालू असताना, पार्क ओस असतं. त्या दिवशी आमच्यासारख्यांना बोलवायला काय हरकत आहे?

आता दुसरी बाजूही मांडतो. अनेक वॉटर पार्क आणि रिसॉर्टांच्या दारावर पाटी असते, एकट्या पुरुषांना किंवा फक्त पुरुषांच्या गटाला प्रवेश नाही. मी स्वतः अशा एका दारावरून परत आलोय. नाव सांगत नाही, कारण नावाने प्रश्न सुटत नाही. पाटीमागचं कारण खोटं नाही. पाण्यात बायकांना त्रास होतो, हे खरं आहे. पण त्रास देणारे बहुधा टोळक्याने असतात आणि बायको बरोबर असलेला पुरुषही सभ्यच असतो असं नाही. पाटी वागणुकीवर नजर ठेवत नाही, ती तुमचं नातं तपासते. जीवरक्षक वाढवणं, तक्रारीला लगेच दाद देणं, गैरवागणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढणं याला पैसे लागतात. पाटी फुकट लागते.

निवाडा

समीक्षकाने शेवटी निवाडा द्यावा. माझी कसोटी अशी: एका एकट्या मोठ्या माणसाला पार्क दिवसभर धरून ठेवू शकतं का? त्याला धरलं तर पार्कात दम आहे. कारण कुटुंब एकमेकांच्या जिवावर दिवस काढतं; पार्क सुमार असलं तरी पोरं खूश असतात. एकट्याकडे पार्काशिवाय दुसरं काही नसतं.

या कसोटीवर आपल्याकडची यंत्रं पास आहेत. कथा जेमतेम, राजासॉरससारख्या दोन-चार गोष्टी सोडल्या तर उसनी. बसायच्या जागा, खाणं, तिकीट आणि दारावरची भाषा नापास. खायच्या टेबलापासून फोटोच्या चौकटीपर्यंत सगळं चौघांच्या मापाचं.

मागणी फार नाही. एकट्यांची रांग. मधल्या वारी सवलत, कामगाराचं ओळखपत्र दाखवलं की. दारावर वागणुकीचे नियम, नात्याची चौकशी नको. आणि एखादी तरी राइड, जिच्यात हा घाट, ही नदी, ही लाइन असेल. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून वळणं घेत चढते आहे. तिच्यावर राइड बांधायचं कोणाला का सुचू नये?

जत्रेने हवशाला नाव दिलं, जागा दिली. पार्काने तेवढं तरी शिकावं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: तुम्ही पुरुषांचंच बोललात. मी पॅकिंग युनिटमध्ये आहे. मी एकटी गेले तर?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न माझ्या व्याख्यानापेक्षा मोठा आहे. पुरुषाला दारावर संशय भेटतो, बाईला आत नजरा भेटतात, आणि घरी आल्यावर चौकशी. मंगळागौर ही बाईला वर्षातून एकदा मिळालेली मोकळीक होती, तीही देवाच्या नावाने आणि घराच्या भिंतींत. पण लोकलमध्ये बायकांचा वेगळा डबा असतो ना? तिथे कोणी कोणाला ‘एकटीच?’ विचारत नाही. आठवड्यातला एक दिवस बायकांसाठी ठेवला, तर पार्कालाही तसा डबा जोडता येईल. तो कायमचा उपाय नव्हे, पण रांगेत एकट्या बाया दिसायला लागल्या की इतरांच्या डोळ्यांना सवय होते.

प्रश्न: सर, हे सगळं ठीक, पण कामगारासाठी दवाखाना, घर, पगार हे आधी नको का? पाळण्याचं काय घेऊन बसलात?

उत्तर: आधी हवंच. पण हा प्रश्न साहेबाला कोणी विचारत नाही, बघा. साहेब सिंगापूरला जाऊन युनिव्हर्सल स्टुडिओ बघून आला तर त्याला ‘आधी घराचा हप्ता फेड’ असं आपण म्हणत नाही. कामगाराच्या मौजेचाच हिशेब मागितला जातो. साप्ताहिक सुट्टी कायद्याने मिळाली ती नुसती झोपायला नाही. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, ही मागणी जगभरच्या कामगारांनी लढून पुढे आणली. त्या ‘आपल्या’ तासांत काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

प्रश्न: पहिल्यांदा एकट्याने जायचं असेल तर काय करायचं?

उत्तर: शाळा चालू असताना, मधल्या वारी जा. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. रक्तदाब, पाठ, मान यांचा त्रास असेल तर राइडबाहेरची पाटी खरंच वाचा. मोबाइल, चष्मा, किल्ल्या सांभाळायला दुसरं कोणी नाही, तेव्हा लॉकर घ्या. सगळ्यात मोठी राइड सकाळीच उरका, नंतर रांग वाढते. आणि शेजारच्या खुर्चीवर कोणी अनोळखी येऊन बसला, तर दांडा लागायच्या आधी एकदा ‘नमस्कार’ म्हणा. पुढची दोन मिनिटं तोच तुमचा फुगडीतला जोडीदार असतो.